लॉर्ड शाफ्ट्सबरी : दहा तासांचा लढा

लंडनच्या पिकॅडिली सर्कसमधील पंखधारी धनुर्धराचा पुतळा पर्यटकांच्या परिचयाचा असतो. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ तो १८९३ मध्ये उभारला गेला, ते लॉर्ड शाफ्ट्सबरी आज फारसे कुणाला ठाऊक नाहीत. व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमधील गिरणी कामगारांना कायद्याचे संरक्षण मिळवून देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे.

अँथनी अ‍ॅश्ली कूपर यांचा जन्म २८ एप्रिल १८०१ रोजी लंडनमधील उमराव घराण्यात झाला. आई-वडिलांच्या मायेला पारख्या झालेल्या या मुलाला जिव्हाळा लावला तो घरातील सेविका मारिया मिलिस हिने. १८२६ मध्ये ते हुजूर पक्षातर्फे संसदेत गेले. दहा तासांच्या मागणीचे पुढारी मायकेल सॅडलर १८३२ च्या निवडणुकीत पराभूत झाले आणि ती धुरा अ‍ॅश्लींकडे आली. १८३३ च्या कायद्याने रेशीम गिरण्या वगळता अन्य कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना मज्जाव केला आणि सरकारी निरीक्षक नेमले. १८४२ मध्ये अ‍ॅश्लींनी मांडलेल्या कायद्यामुळे स्त्रिया, मुली आणि दहा वर्षांखालील मुलगे यांची भूमिगत खाणकामातून सुटका झाली.

धान्य कायद्यांविषयीचे आपले मत बदलल्याने त्यांनी १८४६ मध्ये सदस्यत्वाचा राजीनामा दिला. त्यामुळे १८४७ मध्ये स्त्रिया व अल्पवयीनांसाठी दहा तासांचा कायदा संमत झाला, तेव्हा ते सभागृहात नव्हते. तो तडीस नेला जॉन फील्डन यांनी. गिरणीमालकांनी मात्र तुकड्यातुकड्यांच्या पाळ्या लावून पळवाट काढली. ती बुजवण्यासाठी १८५० मध्ये अ‍ॅश्लींनी साडेदहा तासांची तडजोड स्वीकारली. कामाच्या वेळा निश्चित झाल्या, शनिवारी दुपारी दोनला सुटी मिळू लागली. तरीही अनेक कामगार पुढाऱ्यांनी त्यांना विश्वासघातकी ठरवले. सार्वत्रिक मताधिकाराला त्यांचा विरोध होता आणि वडिलांच्या जमिनीवरील शेतमजुरांच्या हलाखीवरून विरोधक त्यांना टोमणे मारत. कामगारांचा कैवारी असूनही ते अखेरपर्यंत उमरावच राहिले.

१८५१ मध्ये ते सातवे अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी झाले. १८७९ मध्ये त्यांनी उमराव सभेत हिंदुस्थानातील गिरण्यांसाठीही कायद्याची मागणी केली. यामागे लँकेशायरचा स्वार्थ असल्याचा संशय मुंबईच्या गिरणीमालकांना होता. १८८१ च्या कायद्याने येथील सात वर्षांखालील मुलांना कारखान्यांची दारे बंद झाली, बारा वर्षांखालील मुलांना नऊ तासांची मर्यादा मिळाली. प्रौढ कामगारांच्या पदरी मात्र काहीच पडले नाही. १ ऑक्टोबर १८८५ रोजी शाफ्ट्सबरी निवर्तले, तेव्हा मुंबईतील प्रौढ गिरणी कामगाराच्या दिवसाला कायद्याची मर्यादा नव्हती.