एडगर एफ. कॉड

एडगर फ्रँक कॉड (१९ ऑगस्ट, १९२३ – १८ एप्रिल, २००३) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले संगणकशास्त्रज्ञ होते. माहिती साध्या तक्त्यांच्या रूपात मांडून ती गणिती नियमांनी हाताळण्याचे 'संबंधाधारित प्रतिमान' (रिलेशनल मॉडेल) त्यांनी १९७० साली प्रसिद्ध केले. ओरॅकल, डीबी२, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस इत्यादी डेटाबेस प्रणाली याच प्रतिमानावर आधारलेल्या आहेत. डेटाबेस प्रशासक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याचा अभ्यास आजही बहुधा कॉड यांच्या संकल्पनांपासून सुरू होतो. १९८१ साली त्यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

पूर्वायुष्य

कॉड यांचा जन्म इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील पोर्टलंड बेटावर झाला. वडिलांचा चामड्याचा व्यवसाय होता, तर आई शिक्षिका होती. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या एक्सेटर कॉलेजात त्यांनी गणित व रसायनशास्त्राचा अभ्यास केला. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते.

१९४८ साली ते अमेरिकेत गेले आणि पुढे न्यूयॉर्क येथे आयबीएम कंपनीत गणिती आज्ञावली लिहिण्याचे काम करू लागले. सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून चालविलेल्या चौकशीसत्राच्या निषेधार्थ १९५३ मध्ये त्यांनी अमेरिका सोडली व काही वर्षे कॅनडातील ओटावा येथे काढली. १९५७ मध्ये ते आयबीएममध्ये परतले. नोकरीत स्थिरावलेले असतानाही पुन्हा विद्यार्थी होण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठात शिकून त्यांनी १९६५ साली, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, डॉक्टरेट मिळविली. प्रबंधाचा विषय स्वतःची प्रतिकृती निर्माण करू शकणाऱ्या सेल्युलर ऑटोमॅटा या गणिती रचनांचा होता.

संबंधाधारित प्रतिमान

त्यानंतर कॉड कॅलिफोर्नियातील सान होजे येथील आयबीएमच्या संशोधन प्रयोगशाळेत रुजू झाले. त्या काळी माहिती झाडाच्या फांद्यांप्रमाणे किंवा जाळ्याप्रमाणे एकमेकींना जोडलेल्या नोंदींमध्ये ठेवली जाई. हवी ती नोंद गाठण्यासाठी कोणत्या दुव्यावरून कोठे जायचे, हे आज्ञावली लिहिणाऱ्याला ठाऊक असावे लागे. साठवणुकीची रचना बदलली की चालू आज्ञावल्या बंद पडत. आधी विचारात न घेतलेला एखादा साधा प्रश्न विचारायचा झाला, तरी नवी आज्ञावली लिहावी लागे.

जून १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात कॉड यांनी यावर उपाय सुचविला. माहिती केवळ तक्त्यांत मांडावी, तक्त्यांमधील नाते त्यांतील मूल्यांवरूनच ओळखावे आणि काय हवे एवढेच वापरकर्त्याने सांगावे. ते कसे शोधायचे हे यंत्रावर सोपवावे, असे त्याचे सार होते. संच सिद्धान्त आणि तर्कशास्त्र हा त्याचा पाया होता. आज प्रशासक एखाद्या संथ चालणाऱ्या तक्त्यावर निर्देशांक (इंडेक्स) तयार करतो, तेव्हा त्या तक्त्यावर चालणाऱ्या शेकडो आज्ञावल्यांतील एक ओळही सहसा बदलावी लागत नाही. ही सोय या विभाजनामुळेच शक्य झाली आहे.

लवकरच कॉड यांनी तक्त्यांच्या रचनेचे नियम मांडले. ते 'नॉर्मलायझेशन' या नावाने शिकविले जातात. शाळेतील विद्यार्थ्याचा पत्ता प्रवेश, शुल्क आणि ग्रंथालय अशा तीन वह्यांत लिहिला असेल आणि तो बदलल्यावर एकाच वहीत दुरुस्त केला, तर उरलेल्या दोन वह्या खोट्या ठरतात. प्रत्येक बाब एकदाच आणि तिच्या योग्य जागी नोंदवावी, हे या नियमांचे तात्पर्य होय. परीक्षेपुरती पाठ केलेली ही प्रकरणे प्रत्यक्ष कामात मात्र रोज उपयोगी पडतात.

विरोध आणि स्वीकार

या कल्पनेला पहिला अडथळा कॉड यांच्याच कंपनीतून आला. आयबीएमचे आयएमएस हे वृक्षरचनेवर आधारलेले उत्पादन चांगले खपत असल्याने त्याला स्पर्धक निर्माण करण्यात कंपनीला रस नव्हता. तक्त्यांची पद्धत व्यवहारात फार संथ ठरेल, असाही आक्षेप होता. १९७४ साली जाळेरचनेचे पुरस्कर्ते चार्ल्स बाकमन आणि कॉड यांच्यात जाहीर वाद झाला. कॉड ज्या ॲन आर्बरमध्ये शिकले, तेथेच तो झाला, हा योगायोग.

पुढे आयबीएमने सिस्टिम आर हा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला. डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी त्यासाठी रचलेली भाषा पुढे एसक्यूएल म्हणून रूढ झाली. कॉड यांनी सुचविलेली अल्फा ही भाषा त्यात स्वीकारली गेली नाही. एसक्यूएल तक्त्यात हुबेहूब सारख्या ओळी राहू देते, हे कॉड यांना कधीच मान्य झाले नाही. दरम्यान प्रकल्पाचे प्रसिद्ध झालेले निबंध वाचून दुसऱ्या एका लहान कंपनीने ओरॅकल ही प्रणाली १९७९ मध्ये बाजारात आणली. आयबीएमचे पहिले एसक्यूएल उत्पादन १९८१ साली आले. कल्पना ज्या घरात जन्मली, त्यानेच तिला ओळखण्यास उशीर केला.

उत्तरायुष्य

१९८४ मध्ये कॉड आयबीएममधून बाहेर पडले आणि ख्रिस डेट प्रभृतींसह सल्लागार म्हणून काम करू लागले. जुन्याच प्रणालींवर 'रिलेशनल' अशी चिठ्ठी लावून त्या विकल्या जात असल्याचे पाहून त्यांनी १९८५ साली प्रसिद्ध बारा नियम जाहीर केले. शून्यापासून मोजल्यास ते तेरा आहेत. तक्त्यांविषयीची माहितीही तक्त्यांतच असावी आणि ती त्याच भाषेत विचारता यावी, हा त्यांतील चौथा नियम. प्रशासक कोणाला कोणते अधिकार दिले आहेत, कोणता तक्ता कोणत्या रचनेचा आहे, हे नेहमीच्या एसक्यूएल प्रश्नाने पाहू शकतो, ते याच तत्त्वावर. १९९३ मधील त्यांचा विश्लेषणविषयक निबंध मात्र वादग्रस्त ठरला, कारण तो एका सॉफ्टवेअर कंपनीच्या अर्थसाहाय्याने लिहिला गेला होता.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. डेटाबेस क्षेत्रातील संशोधनासाठी एसीएम या संस्थेच्या सिगमॉड गटातर्फे दिल्या जाणाऱ्या पुरस्काराला २००४ पासून त्यांचे नाव देण्यात आले.