निजामाला मिळालेल्या सरदाराला मिरज परत! राक्षसभुवनच्या लढाईनंतर काय घडलं?

गेवराई तालुक्यातलं राक्षसभुवन म्हटलं की आधी शनिमहाराजांचं देऊळ आठवतं. पण गोदाकाठच्या याच गावाजवळ १० ऑगस्ट १७६३ रोजी पेशवे आणि निजाम यांची मोठी लढाई झाली. त्या लढाईनंतर शत्रूला जाऊन मिळालेल्या एका सरदाराला त्याचं ठाणं आणि मान दोन्ही परत मिळालं. ते सरदार म्हणजे गोपाळराव पटवर्धन.

पटवर्धन मूळचे कोकणातले, रत्नागिरीकडच्या कोतवड्याचे. गोपाळरावांचे आजोबा हरिभट हे इचलकरंजीच्या घोरपड्यांचे उपाध्ये. त्यांची मुलं मात्र पेशव्यांच्या फौजेत गेली आणि तलवारीवर मोठी झाली. हरिभटांचे पुत्र गोविंद हरी, आणि त्यांचे पुत्र गोपाळराव. पानिपतानंतर माधवराव पेशवे गादीवर आले, त्या काळात मिरजेचं ठाणं या घराण्याकडे आलं.

पुढं पेशव्यांच्या घरातच भाऊबंदकी पेटली. चुलते रघुनाथराव आणि पुतणे माधवराव १७६२ च्या नोव्हेंबरात समोरासमोर आले. राज्य फुटू नये म्हणून माधवराव स्वतःच चुलत्यांच्या स्वाधीन झाले. कारभार रघुनाथरावांच्या हाती गेला आणि त्यांनी जुने हिशेब चुकते करायला घेतले. पटवर्धन माधवरावांच्या बाजूचे, म्हणून फौज घेऊन मिरजेवर चाल केली आणि ठाणं काढून घेतलं. भवानराव प्रतिनिधींचं पदही काढलं आणि आपल्या तान्ह्या मुलाच्या नावावर केलं.

हक्काचं गेलं, तशी दुखावलेली माणसं निजामाकडे वळली. गोपाळराव गेले, भवानराव गेले, नागपूरचे जानोजी भोसलेही गेले. १७६३ च्या उन्हाळ्यात निजामाच्या फौजेनं पुणं लुटलं, घरं जाळली. पेशव्यांचा एकेकाळचा भरवशाचा सरदार त्या वेळी शत्रूच्या गोटात होता. हा डाग साधा नव्हता.

पेशव्यांनी मग एकीकडे निजामाचा मुलूख लुटला आणि दुसरीकडे त्याची माणसं फोडली. ३२ लाखांच्या मुलखाचं वचन मिळाल्यावर जानोजी ऐन वेळी बाजूला झाले. गोदावरीला पाणी होतं. निजाम काही फौजेसह नदी उतरून पलीकडे गेला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर बाकी फौजेसह अलीकडे अडकला. तिथंच मराठ्यांनी त्याला गाठलं. रघुनाथराव गर्दीत सापडले होते, माधवरावांनी त्यांना सोडवलं. विठ्ठल सुंदर मारला गेला. माधवराव तेव्हा अवघे १८ वर्षांचे होते.

आता गोपाळरावांचं काय करायचं? शत्रूला मिळाले म्हणून त्यांना कायमचं उठवून लावता आलं असतं. पण गोपाळराव गेले ते मिरज हिसकावल्यामुळं, हे माधवरावांना ठाऊक होतं. त्यांनी मिरज पटवर्धनांना परत दिली. भवानरावांनाही प्रतिनिधीपद परत मिळालं. मुळात झालेला अन्याय आधी दुरुस्त केला, तेव्हाच ही माणसं टिकली.

भवानरावांचं पुढं पेशव्यांशी पुन्हा बिनसलं. गोपाळराव मात्र शेवटपर्यंत माधवरावांच्या बाजूनं राहिले. १७६४ साली हैदर अलीवर स्वारी निघाली, तेव्हा ते आघाडीला होते. सुरुवातीला हैदरच्या सरदारापुढं त्यांना मार खावा लागला, तरी त्यांनी पाऊल मागं घेतलं नाही. कर्नाटकाच्या आघाडीवर माधवरावांची भिस्त पटवर्धनांवरच राहिली. १७७१ साली गोपाळराव वारले. त्यांचे भाऊ पांडुरंगराव पुढं हैदरशी लढताना पकडले गेले आणि कैदेतच मरण पावले.

१७९५ च्या मार्चमध्ये मराठे आणि निजाम पुन्हा भिडले, ते जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला. त्या लढाईत मराठ्यांच्या फौजेचं नेतृत्व गोपाळरावांचे चुलतभाऊ परशुरामभाऊ पटवर्धन यांच्याकडे होतं. निजाम तिथंही हरला.