विश्लेषण : ब्रह्मगिरीच्या फेरीत चुकलेला मुलगा संत निवृत्तीनाथ कसा झाला?

पावसाळा सुरू झाला की नाशिकच्या धावपटूंच्या फोनवर एका वाटेचा नकाशा फिरू लागतो. त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तापासून निघायचे, प्रयागतीर्थ, पेगलवाडी, पहिने असे करत ब्रह्मगिरीला पूर्ण वळसा घालायचा आणि पुन्हा गावात यायचे. अंतर सुमारे २० किलोमीटर. मोठा वळसा घेतला तर सुमारे ४०. वर काळ्या कातळाची भिंत, खाली भाताची खाचरे, मधे ओढे आणि चिखल. ट्रेल रनिंग करणाऱ्याला आणखी काय हवे?

पण ही वाट धावण्यासाठी आखलेली नाही. ती ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, खरे तर रविवारी रात्रीपासूनच, लाखो लोक ती चालतात. वारकरी परंपरा सांगते की सातशेहून अधिक वर्षांपूर्वी याच फेरीत एक दहा-बारा वर्षांचा मुलगा घरच्यांपासून चुकला आणि परत आला तो गुरू होऊन. ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू एवढीच निवृत्तीनाथांची ओळख अनेकांना असते. त्यांचे आयुष्य मात्र या एका खोऱ्याशी बांधलेले आहे.

हे कुटुंब त्र्यंबकला आले कुठून?

निवृत्तीनाथांचे वडील विठ्ठलपंत कुलकर्णी हे पैठणजवळच्या, गोदाकाठच्या आपेगावचे. आई रुक्मिणी आळंदीची. लग्नानंतर विठ्ठलपंतांनी काशीला जाऊन संन्यास घेतला. पत्नी घरी आहे हे लपवून घेतलेला हा संन्यास होता. पुढे गुरू यात्रेनिमित्त आळंदीत आले, त्यांनी रुक्मिणीला पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला आणि तिचा नवरा म्हणजे आपलाच शिष्य हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी विठ्ठलपंतांना संसारात परत पाठवले.

संन्यास मोडून संसारात परतण्याला त्या काळच्या शास्त्रात जागा नव्हती. घर वाळीत पडले. त्यानंतर चार मुले झाली : निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई. संन्याशाची पोरे हा शिक्का चौघांवरही बसला. शिक्षेचा सगळ्यात थेट फटका थोरल्याला होता, कारण मुंजीचे वय आधी त्याचे झाले आणि मुंज लावायला कोणी तयार नव्हते. मुंज नाही म्हणजे वेदाध्ययन नाही आणि त्या समाजात ब्राह्मण म्हणून उभे राहायला जागाही नाही.

जन्मसालाबाबत दोन परंपरा आहेत. एक शके ११९० म्हणजे इसवी सन १२६८ मानते, दुसरी शके ११९५ म्हणजे १२७३. दुसरे साल अधिक रूढ आहे. देवगिरीवर तेव्हा रामदेवराव यादवाचे राज्य होते.

गावाने दार लावल्यावर विठ्ठलपंत बायकोमुलांना घेऊन गोदावरीच्या उगमाकडे, त्र्यंबकेश्वरला आले. आज दिसते ते त्र्यंबकेश्वराचे दगडी मंदिर पेशवाईतले, म्हणजे त्यांनी पाहिलेले नव्हे. डोंगर मात्र तोच. गावापासून ब्रह्मगिरीचा माथा साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे आणि कड्याच्या पायाशी जंगल होते.

त्या रात्री काय घडले?

कथा अशी. विठ्ठलपंतांनी अनुष्ठान धरले होते. मध्यरात्री कुशावर्तावर स्नान करायचे आणि कुटुंबासह ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालायची. काही चरित्रांत हा क्रम सहा महिने चालल्याचे येते. इथे थोडा हिशेब करायला हरकत नाही. आजच्या लहान फेरीचे अंतर धरले तर सहा महिन्यांत साडेतीन हजार किलोमीटरहून अधिक चाल होते, तीही रात्री, चार मुलांसह. निवृत्ती दहाचा असेल तर मुक्ताबाई जेमतेम चारची. तिला कडेवर किंवा खांद्यावर घेतल्याशिवाय हे शक्य नाही. आकडा भक्तीने वाढवलेला असू शकतो, वाट आजच्यापेक्षा वेगळी आणि आखूडही असू शकते. पण ज्या कुटुंबाला गावात उभे राहायला जागा नव्हती, ते रात्री डोंगराभोवती फिरत होते, हे चित्र मात्र पटण्यासारखे आहे.

एका रात्री वाटेत वाघ आडवा आला. सगळे जीव घेऊन पळाले. धावाधाव थांबली तेव्हा निवृत्ती सोबत नव्हता. अंधारात वाट चुकून तो एका गुहेपाशी पोहोचला होता आणि आत गहिनीनाथ बसलेले होते.

ही गुहा नेमकी कोणती, यावर एकमत नाही. काही चरित्रे ती अंजनी पर्वतावर असल्याचे सांगतात. त्र्यंबकमध्ये मात्र ती ब्रह्मगिरीवर, गंगाद्वाराच्या परिसरात दाखवली जाते. अंजनेरी नाशिकहून येताना त्र्यंबकच्या अलीकडे लागते. रात्री घाबरलेले मूल पळत किती लांब जाईल, असा विचार केला तर ब्रह्मगिरीची जागा जवळची वाटते. अर्थात, कथेतल्या गुहेला अंतराचे मोजमाप लावण्यात फार अर्थ नाही.

ही माहिती आली कुठून, हेही पाहायला हवे. भावंडांच्या चरित्राचा सगळ्यात जुना आधार म्हणजे संत नामदेवांच्या नावावरचे आदि, तीर्थावळी आणि समाधी हे अभंग. महिपतींचा भक्तिविजय थेट १७६२ चा, म्हणजे घटनेनंतर पावणेपाचशे वर्षांनी लिहिलेला. वाघाचा पुरावा कोणी देऊ शकत नाही. गुरुपरंपरेचा मात्र लेखी आधार आहे. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तीनाथ असा क्रम खुद्द ज्ञानदेवांनी दिला आहे.

गहिनीनाथांनी काय दिले?

नाथपंथाची दीक्षा. ती घ्यायला मुंज लागत नव्हती, शुद्धिपत्र लागत नव्हते. मठ, सभा, पोथ्या, धर्मपीठे असा सगळा दरवाजा ज्या मुलासाठी बंद होता, त्याला डोंगरातल्या एका योग्याने कसलीही पात्रता न विचारता परंपरेत घेतले. निवृत्तीच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा कलाटणीचा क्षण.

परंपरा सांगते की गहिनीनाथांनी त्याला केवळ योग शिकवला नाही, कृष्णभक्तीचाही उपदेश केला आणि मिळालेले पुढे देण्याची आज्ञा केली. नाथांचा योग आणि विठ्ठलाची भक्ती हे दोन प्रवाह वारकरी पंथात एकत्र दिसतात. त्यांची गाठ कुठे पडली, असे विचारले तर बोट याच खोऱ्याकडे दाखवावे लागते.

परतल्यावर निवृत्तीने ज्ञानदेवाला उपदेश केला. दोघांत दोन-तीन वर्षांचे अंतर. खेळगड्याच्या वयाचा भाऊ गुरू झाला, आणि धाकट्याने ते नाते आयुष्यभर तसेच मानले. ज्ञानेश्वरीतल्या अनेक अध्यायांची सुरुवात गुरुवंदनेने होते आणि ते वंदन निवृत्तीनाथांना असते.

त्यानंतरच्या घटना बहुतेक वाचकांना ठाऊक आहेत. मुलांना तरी समाजात घ्यावे म्हणून आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त पत्करले. भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली. मग प्रवरेकाठच्या नेवाशात शके १२१२, म्हणजे १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. गीतेवरची ही टीका निवृत्तीनाथांच्या आज्ञेने झाली आणि अमृतानुभवही त्यांच्याच सांगण्यावरून, असे परंपरा मानते. त्यांचे स्वतःचे अभंग आणि हरिपाठ आहेत, पण ते ज्ञानेश्वरांच्या सावलीत राहिले. त्यांनी स्वतः कधी पुढे येण्याचा आग्रह धरल्याचे कोणत्याही कथेत नाही.

शेवटचे आठ महिने

शके १२१८, म्हणजे १२९६. याच वर्षाच्या सुरुवातीला अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली होती. त्याच वर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानदेवांनी आळंदीत समाधी घेतली. विवराच्या तोंडाशी शिळा बसवली ती निवृत्तीनाथांनी, असे सांगतात. शिष्य आणि धाकटा भाऊ एकच, आणि दार लावणारे हात थोरल्याचे.

बरोबर महिन्याने, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, सोपानदेव सासवडला समाधिस्थ झाले. वैशाखात तापीकाठी मुक्ताबाई गेली. कथेप्रमाणे वीज कडाडली आणि ती दिसेनाशी झाली. निवृत्तीनाथ सोबत होते.

सगळ्यांत थोरला सगळ्यांत शेवटी उरला. तिथून ते त्र्यंबकला आले. आळंदी आजोळची होती, आपेगाव वडिलांचे, पंढरपूर सगळ्यांचे. त्यांनी निवडला तो ब्रह्मगिरीचा पायथा. शके १२१९, इसवी सन १२९७ च्या ज्येष्ठ वद्य पक्षात त्यांनी तिथे समाधी घेतली. वय चोवीस, किंवा जुने साल धरले तर एकोणतीस. कार्तिक ते ज्येष्ठ या आठ महिन्यांत चारही भावंडे गेली.

यात्रा ज्येष्ठात का नसते?

त्र्यंबकला निवृत्तीनाथांची मोठी यात्रा भरते ती पौष वद्य एकादशीला. उत्तर महाराष्ट्रातल्या दिंड्या थंडीत पायी येतात. ज्येष्ठातल्या समाधीच्या तिथीला मात्र पालखी त्र्यंबकमध्ये नसते. ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास ती निघते आणि सातपूर, नाशिक, सिन्नर, नगर, करमाळा असे जवळपास चार आठवडे चालून आषाढीला पंढरपूरला पोहोचते. म्हणजे समाधीचा दिवस वाटेतच येतो.

आज ती वाट कशी आहे?

प्रदक्षिणा मार्गाचा काही भाग आता डांबरी आहे, काही कच्चा. वाघ राहिला नाही, बिबट्याचा वावर जिल्हाभर आहे. त्यामुळे श्रावणातली गर्दी नसताना पहाटेच्या अंधारात एकट्याने धावायला जाणे शहाणपणाचे नाही. पावसाळ्यात ओढ्यांना अचानक पाणी येते आणि कातळ शेवाळलेला असतो. वेळ मोजण्यापेक्षा पाय ठेवायची जागा पाहणे महत्त्वाचे. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत अशाच डोंगरवाटांच्या मुलखातून येऊन २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचे कांस्यपदक जिंकून गेली, तेव्हा इथल्या चढउतारांची ताकद कोणी वेगळी सांगायला नको.

खरा धोका वेगळाच आहे. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी डोंगर फोडण्यावरून २०२१ मध्ये नाशिकमध्ये मोठा विरोध उभा राहिला, पर्यावरणप्रेमी आणि वारकरी एकत्र आले. गोदावरी इथे उगम पावते आणि पुढे १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणाही याच डोंगररांगेतून निघून उलट्या दिशेने अरबी समुद्राकडे जाते. उतार कापला की पाणी मुरत नाही, वरची माती खाली येते, झरे आटतात. त्यात २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते आणि बांधकामांची घाई आहे. प्रदक्षिणेची वाट कड्याच्या पायाशी, नेमक्या याच उतारांवरून जाते.

निवृत्तीनाथांची समाधी त्र्यंबक गावातच, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, गंगाद्वाराकडे चढणाऱ्या वाटेजवळ आहे. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला आलेले अनेक जण तिथवर जातच नाहीत. कुशावर्तावरून ती चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहे.