पडद्यामागील पुरुष : विष्णुदास भावे

स्नेहसंमेलनाच्या रात्रीं आपण सर्वजण नाटक पाहतों. राजास व विदूषकास टाळ्या मिळतात. परंतु पडदा ओढणारा, राक्षसाच्या मिशा चिकटवून देणारा, ऐन वेळीं हरवलेला मुकुट धुंडून आणणारा विद्यार्थी कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. मराठी रंगभूमीचे जनक म्हणून ज्यांचें नांव आदरानें घेतलें जातें, त्या विष्णुदास भावे यांच्या आयुष्याचा मोठा भाग अशाच पडद्यामागच्या कामांत गेला. म्हणून त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं मुद्दाम लक्षांत घेण्यासारखें आहे.

विष्णु अमृत भावे यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशींत झाला. त्यांचे वडील सांगलीचे अधिपति श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या पदरीं नोकरीस होते. विष्णूचें चित्त पुराणांतील कथा ऐकण्यांत, पद्यें जुळविण्यांत आणि हातांनीं बाहुल्या व चित्रें घडविण्यांत रमे. घरच्या वडील माणसांस असल्या नादांचें कौतुक सहसा नसतें. परंतु ज्या गुणांची किंमत घरांत होत नाहीं, त्यांचेंच कधीं कधीं पुढें सोनें होतें.

१८४२ सालीं कर्नाटकांतून भागवत मंडळींचा एक मेळा सांगलीस आला व त्यानें राजेसाहेबांसमोर आपले खेळ केले. आप्पासाहेब रसिक होते. ते खेळ पाहून त्यांच्या मनांत आलें, कीं असेच, पण याहून नीटनेटके खेळ आपल्या मराठी भाषेंत व्हावे. हें काम त्यांनीं तरुण विष्णुपंतांवर सोंपविलें. आज्ञा मोठी होती. साधनें मात्र कांहींच नव्हतीं. पुढें ठेवण्यास मराठी नाटकाचा नमुना नव्हता, शिकलेले नट नव्हते, पोषाख नव्हते, रंगमंदिर नव्हतें. जें हवें तें स्वतः निर्माण करावें, अशी स्थिति होती.

विष्णुपंतांनीं प्रथम रामायणांतील कथानक निवडून त्यावर पद्यें रचलीं व त्यांस चाली लावल्या. मग गांवांतीलच मंडळी जमवून त्यांस शिकविण्यास आरंभ केला. कोणीं कसें उभें राहावें, देवानें कसें चालावें, राक्षसानें कसें गर्जावें, हें सर्व तेच दाखवीत. स्त्रियांचीं कामें मुलांकडे असत. त्यांस लुगडें नेसून सहज वावरण्याची संवय लावावी लागे. अशा तयारीनंतर ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं सांगलीस राजेसाहेबांसमोर ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग झाला. मराठी रंगभूमि दिन आजही याच तारखेस पाळला जातो.

त्या काळचे हे खेळ कसे होत, हें समजल्यावांचून पडद्यामागील श्रमांची कल्पना येणार नाहीं. रंगविलेले देखावे नव्हते. मशालींच्या व दिवट्यांच्या उजेडांत सर्व खेळ चाले. आरंभीं सूत्रधार मंगलाचरण म्हणे, विदूषक त्याची थट्टा करी, मग गणपति येई, मोरावर बसल्याचा आविर्भाव करीत सरस्वती नाचत येई, आणि त्यानंतर मुख्य आख्यानास सुरुवात होई. कथेचीं पद्यें सूत्रधारानें गावीं व नटांनीं त्या अनुरोधानें आयत्या वेळीं सुचेल तें भाषण करावें, अशी पद्धत होती. भाषणें लिहून दिलेलीं नसत. त्यामुळें शिकविणाराची जबाबदारी दुप्पट होई. कारण शब्द पाठ करून घेतां येत नव्हते, पात्राचा स्वभावच नटाच्या अंगीं बाणवावा लागे. देव, ऋषि, राक्षस, स्त्रिया अशा पात्रांच्या निरनिराळ्या कचेऱ्या मानलेल्या असत, आणि प्रत्येकीची वेषभूषा व बोलण्याची तऱ्हा वेगळी असे. राक्षसांच्या आरडाओरड्यावरून पुढें लोक या नाटकांस विनोदानें ‘अललडुर्र’ म्हणूं लागले. बाहेर प्रेक्षक हंसत वा भीत असतां आंत रंगपटांत मात्र कोणाचा रंग ओला, कोणाचा किरीट सैल, अशी धांदल चाललेली असावयाची.

त्यांत लोकापवादाची भर पडली. कुलीन घरच्या मंडळींनीं तोंडास रंग फांसून नाचावें, हें कर्मठ लोकांस रुचलें नाहीं. नाटकांत काम करणारांस पंक्तीस घ्यावें कीं नाहीं, असा वाद उत्पन्न झाला. राजाश्रय होता म्हणून नट त्या संकटांतून तरले. परंतु राजाश्रय कायमचा नसतो. १८५१ सालीं आप्पासाहेब निवर्तले. मंडळींच्या पोटापाण्याची कायमची सोय लागण्यापूर्वींच आधार तुटला. पोषाख व साहित्य यांपायीं झालेलें कर्ज डोक्यावर, आणि घरदार सोडून आलेले नट दाराशीं, अशा पेचांत विष्णुदास सांपडले.

येथें त्यांची खरी कसोटी लागली. मंडळी मोडून टाकून मोकळें होणें सोपें होतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. सांगलीकर नाटक मंडळी घेऊन ते परगांवीं निघाले. त्या वेळीं दक्षिणेंत आगगाडी नव्हती. पोषाखांच्या पेट्या, वाद्यें व भांडीकुंडीं यांसह एवढा संसार गांवोगांव न्यावयाचा, जागा मिळवावयाची, आजाऱ्यास औषध व रुसलेल्यास समजूत द्यावयाची, आणि रात्रीं खेळ उभा करावयाचा. १८५३ सालीं त्यांनीं मुंबईंत ग्रँट रोडवरील नाट्यगृहांत प्रयोग केले. इंग्रजी पद्धतीच्या त्या रंगमंचावर, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर, मराठी नाटक उभें राहिलें. दरबारची करमणूक आतां सर्व लोकांची झाली, आणि नटाची भाकर एका धन्याच्या मर्जीऐवजीं अनेकांच्या पसंतीवर अवलंबून राहूं लागली. पुढच्याच वर्षीं त्यांनीं ‘राजा गोपीचंद’ हें नाटक हिंदी भाषेंत करून दाखविलें.

सुमारें दहा वर्षांच्या या भटकंतीनंतर विष्णुदासांनीं मंडळीचा कारभार सोडला. तोंपर्यंत इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशा अनेक नाटक मंडळ्या त्यांच्या पावलांवर पाऊल ठेवून उभ्या राहात होत्या. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ पुण्यास रंगभूमीवर आलें व नव्या संगीत नाटकापुढें जुनीं आख्यानें मागें पडलीं. काळाचा हा नियमच आहे. विष्णुदासांनीं आपलीं नाट्यपद्यें १८८५ सालीं छापून प्रसिद्ध केलीं. लांकडी बाहुल्यांकडूनही नाटक करवावें, या हौसेनें त्यांनीं केलेल्या बाहुल्यांस पुढें विसाव्या शतकांत रामदास पाध्ये यांनीं पुन्हां हालतें बोलतें केलें. ९ ऑगस्ट १९०१ रोजीं विष्णुदास निवर्तले.

त्यांच्या नाटकांतील नटांचीं भाषणें आज कोठेंही उपलब्ध नाहींत. जीं त्या त्या रात्रीं बोललीं गेलीं, तीं त्या त्या रात्रींच विरून गेलीं. त्यांच्या बहुतेक नटांचीं नांवेंही लोक विसरले. तथापि त्यांनीं घातलेला पाया टिकला. बालमित्रहो, पुढील संमेलनांत तुमच्या वांट्यास राजाचें काम न येतां पडद्याची दोरी आली, तर खट्टू होऊं नका. ती दोरी वेळेवर ओढली गेली नाहीं, तर राजाही कोणास दिसणार नाहीं, हें विष्णुदास पुरतें जाणून होते.