दोन हातांच्या कार्बनचा ध्यास : जॉन उल्रिक नेफ

कार्बनची संयुजा चार, म्हणजे त्याला चार हात, असे आम्ही वर्गात शिकतो. जॉन उल्रिक नेफ यांनी मात्र दोनच हात गुंतलेल्या कार्बनचा ध्यास घेतला.

१८६२ साली स्वित्झर्लंडमधील हेरिसाऊ येथे जन्मलेले नेफ लहानपणीच अमेरिकेत आले. हार्वर्ड व म्युनिक येथे शिकून १८९२ पासून ते शिकागो विद्यापीठात शिकवू लागले. आयसोसायनाइडमध्ये असा कार्बन असतो, असे त्यांनी मांडले. सुटे मिथिलीनही मिळेल, ही त्यांची आशा मात्र फळली नाही; ते क्षणात दुसऱ्या रेणूंशी जोडले जाते. १९१५ साली नेफ वारले.

१९९१ मध्ये आर्डुएंगो यांनी टिकाऊ कार्बीनचे स्फटिक मिळवले. शेजारच्या दोन नायट्रोजन अणूंनी त्या कार्बनला इलेक्ट्रॉनचा आधार दिला होता. अपुरा राहिलेला प्रश्नही पुढच्यांना वाट दाखवतो, हे आम्ही नेफ यांच्याकडून शिकलो.