नवानगरचे बापू : कै. जामसाहेब दिग्विजयसिंहजी

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा अनेक थोर स्त्रियांची नावे डोळ्यांपुढे आली. तरीही मी एका पुरुषाचे, आणि तेही एका राजाचे चरित्र निवडले, याचे भगिनींना कदाचित नवल वाटेल. कारण एवढेच, की परक्या देशातून आलेल्या शेकडो पोरक्या लेकरांना या राजाने ज्या रीतीने जवळ घेतले, ती रीत आईची होती. शिवाय ही हकीकत घडली तो सौराष्ट्र आपल्याला अगदीच परका नाही. आपल्या भागातील मजूर कुटुंबे गुजरातेत, पार सौराष्ट्रापर्यंत कामाला जातातच.

दिग्विजयसिंहजींचा जन्म १८ सप्टेंबर १८९५ रोजी काठेवाडात झाला. ज्यांच्या नावाने आजही क्रिकेटच्या रणजी करंडकाचे सामने होतात, ते नवानगरचे राजे रणजितसिंहजी त्यांचे काका. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात व पुढे इंग्लंडात शिक्षण झाल्यावर दिग्विजयसिंहजींनी १९१९ ते १९३१ अशी सुमारे बारा वर्षे सैन्यात नोकरी केली. रणजितसिंहजींना अपत्य नव्हते. त्यांनी या पुतण्याला वारस केले आणि एप्रिल १९३३ मध्ये ते वारल्यावर दिग्विजयसिंहजी जामनगरच्या गादीवर बसले. तेथील राजाला जामसाहेब म्हणतात. १९३५ साली सिरोहीच्या राजकन्या गुलाबकुंवरबा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळाचे ते १९३७ पासून काही वर्षे अध्यक्ष होते. येथवरचे आयुष्य त्या काळच्या पुष्कळ राजांसारखेच दिसते. खरी परीक्षा पुढे आली.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला दुसऱ्या बाजूने रशियाचे सैन्य आत शिरले. फेब्रुवारी १९४० पासून रशियाने आपल्या ताब्यातील भागातली पोलिश कुटुंबेच्या कुटुंबे आगगाड्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेली. तेथे थंडी, भूक आणि रोगराई यांनी किती माणसे मेली याला सुमार नव्हता. जून १९४१ मध्ये जर्मनी रशियावरच उलटला. मग रशियाने पोलंडच्या परागंदा सरकारशी करार केला आणि या लोकांची सुटका झाली. सुटका झाली खरी. पण जायचे कोठे? आईबाप वाटेतच गमावलेली मुले अश्काबादसारख्या गावांतील अनाथालयांत गोळा झाली.

त्या मुलांना घ्यावयास जामसाहेब पुढे आले. पोलंडचा त्यांना अगदीच परिचय नव्हता असे नाही. रणजितसिंहजी राष्ट्रसंघाच्या कामासाठी स्वित्झर्लंडला जात, तेव्हा तेथे प्रसिद्ध पोलिश पियानोवादक पाडेरेव्स्की यांच्याशी तरुण दिग्विजयसिंहजींची ओळख झाली होती, असे सांगतात. ओळख असो वा नसो, स्वतःचा देश पारतंत्र्यात, जगभर महायुद्ध पेटलेले, अशा वेळी परक्यांची पोरे सांभाळण्याची जबाबदारी कोणी त्यांच्यावर लादली नव्हती. त्यांनी ती आपण होऊन घेतली, आणि नरेंद्र मंडळातील इतर राजांनाही हात पुढे करण्यास सांगितले. संस्थानिकांच्या आणि इतर दानशूर लोकांच्या देणग्यांतून या मुलांसाठी निधी उभा राहिला.

हल्ली मोबाइलवर एक गोष्ट फिरते, की मुलांनी भरलेले जहाज कोणत्याच बंदरात घेईनात आणि शेवटी जामसाहेबांनी ते आपल्या बंदरात उतरवून घेतले. गोष्ट ऐकायला गोड आहे. पण पहिली मुले आली ती खुष्कीने, मालमोटारींतून. मदतीचे सामान घेऊन गेलेल्या मोटारी परतताना त्यांना घेऊन इराणच्या डोंगरांतून, बलुचिस्तानच्या वाळवंटातून आल्या. १९४२ च्या उन्हाळ्यात ती मुले काही महिने मुंबईस वांद्र्याला राहिली आणि पावसाळ्याच्या सुमारास जामनगरजवळ समुद्रकाठी बालाचडी येथे पोहोचली. जामसाहेबांचा उन्हाळी महाल तेथेच होता. त्याच्या शेजारीच मुलांची छावणी बांधली होती.

आल्या दिवशी जामसाहेबांनी त्यांना सांगितले, की आजपासून तुम्ही अनाथ नाही, तुम्ही नवानगरचे झालात. आणि मी नवानगरच्या सगळ्या प्रजेचा बापू, म्हणजे तुमचाही बापू. सौराष्ट्रात बापू या हाकेत मान आणि माया दोन्ही आहेत. ज्या मुलांनी दोन वर्षे फक्त हुकूम ऐकले होते, त्यांना या एका नात्याने किती धीर आला असेल, हे आयांना सांगायला नको.

मला यापुढचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. आसऱ्याला आलेल्याने आपल्यासारखे व्हावे, अशी आश्रय देणाऱ्याची बहुधा अपेक्षा असते. जामसाहेबांनी ती धरली नाही. मुलांची शाळा पोलिश भाषेत चालली. त्यांचे शिक्षक व धर्मगुरू त्यांच्यातलेच होते. आपली एक पाहुण्यांची इमारत जामसाहेबांनी शाळेसाठी दिली आणि तेथे पोलिश पुस्तकांचे वाचनालय झाले. मुले आपले सण पाळीत, आपली नाटके व नाच करीत, आणि ते पाहायला बापू येऊन बसत. मुलांच्या आठवणीतली एक लहानशी गोष्ट अशी, की जेवणात वरचेवर पालक येऊ लागला, तेव्हा पोरांनी तो खायचा नाही असा चक्क संप केला. ते बापूंच्या कानावर गेले. त्यांनी रागे न भरता मुदपाकखान्याला पालक बंद करण्यास सांगितले. दुसऱ्याच्या दारी जेवणाऱ्या मुलालाही आवडनिवड असते, हे ज्याला कळले त्याला सगळे कळले.

युद्ध संपल्यावर नवे संकट उभे राहिले. पोलंडात आता रशियाच्या वर्चस्वाखालचे सरकार होते आणि या मुलांना परत पाठवा असा तगादा सुरू झाला. जेथे कोणी वाट पाहणारे नाही तेथे त्यांना कसे धाडायचे? तेव्हा जामसाहेब, छावणीचे प्रमुख फादर प्लुता आणि एक इंग्रज अधिकारी यांनी मिळून मुलांना कायद्याने दत्तक घेतले. पहिल्या दिवशी तोंडाने दिलेले नाते असे कागदावरही आले.

१९४६ साली बालाचडीची छावणी बंद झाली आणि तेथील मुले आपल्या महाराष्ट्रात, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आली. तेथे १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची मोठी वसाहत होती आणि तीत बहुतेक बायका व मुलेच होती. शाळा, दवाखाना, चर्च, सगळे काही तेथे होते. १९४८ पर्यंत ही मंडळी निरनिराळ्या देशांत निघून गेली आणि त्याच बराकींत फाळणीने बेघर झालेले सिंधी लोक आले. कोल्हापूरकर कापडखरेदीला जातात ती गांधीनगरची बाजारपेठ याच वसाहतीतून वाढली. एकाच छपराने दोन देशांच्या निर्वासितांना सावली दिली.

स्वातंत्र्यानंतर जामसाहेबांनी आपले राज्य भारतात विलीन केले. १९४८ ते १९५६ ते सौराष्ट्राचे राजप्रमुख होते. सोमनाथाच्या मंदिराच्या पुनर्बांधणीत त्यांचा मोठा वाटा होता. संयुक्त राष्ट्रसंघात त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले आणि कोरियातील युद्धानंतर तेथील लोकांच्या पुनर्वसनासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद सांभाळले. बेघरांचे काम असे पुन्हा त्यांच्याकडे चालून आले. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

ती मुले आपल्या बापूंना विसरली नाहीत. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, एका शाळेला त्यांचे नाव आहे आणि एका चौकाला भल्या महाराजांचा चौक म्हणतात. पोलंड सरकारने त्यांना मरणोत्तर बहुमान दिला. बालाचडीला आज सैनिक शाळा आहे.

आपल्या शहादे-तळोदे तालुक्यांतही घर गमावून आलेली माणसे आहेत. सरदार सरोवराच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्या सातपुड्यातील कुटुंबांच्या वसाहती आपल्या शेजारी आहेत. तेथील लेकरू घरी पावरी किंवा भिलोरी बोलते आणि शाळेत मराठी ऐकून गप्प बसते. त्यांना धान्य, वह्या, कपडे देणे हे काम चांगलेच आहे. परंतु जामसाहेबांचे चरित्र वाचल्यावर मला वाटते, की देण्याआधी आपण त्यांच्या ओसरीवर बसावे, ती काय खातात, काय गातात, मुलांना काय आवडते हे विचारावे, आणि त्यांच्या बोलीतले चार शब्द आपणही शिकावेत. एका राजाला एवढे सुचले; आपण तर आया आहोत. येत्या वर्षी मंडळाने एवढे केले, तरी या थोर पुरुषाचे स्मरण केल्यासारखे होईल.