डॉ. विक्रम साराभाई : आकाशातून भरलेली शाळा

१ ऑगस्ट १९७५ रोजी सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांमध्ये सामुदायिक दूरचित्रवाणी संच सुरू झाले. अनेक गावांत पक्का रस्ताही पोहोचलेला नव्हता. ज्यांच्या कल्पनेतून हा प्रयोग साकारला, ते डॉ. विक्रम साराभाई तो दिवस पाहण्यास हयात नव्हते.

अहमदाबादच्या गिरणीमालक घराण्यात १२ ऑगस्ट १९१९ रोजी जन्मलेल्या साराभाईंचे केंब्रिजमधील शिक्षण, विश्वकिरणांवरील संशोधन आणि थुंबा येथून १९६३ मध्ये झेपावलेला पहिला अग्निबाण सर्वपरिचित आहे. शिक्षणप्रसारणातील त्यांचे कार्य मात्र काहीसे विस्मरणात गेले.

गरीब देशाला उपग्रह कशाला, हा आक्षेप तेव्हाही घेतला जात होता. साराभाईंचा हिशेब नेमका उलटा होता. जमिनीवरील प्रक्षेपण केंद्रे आधी महानगरांत उभी राहणार आणि खेड्यांची पाळी कित्येक वर्षांनी येणार. उपग्रह मात्र दुर्गम वाडीलाही दिल्लीइतकाच जवळ असतो. १९६७ मध्ये दिल्ली परिसरातील ८० खेड्यांत सामुदायिक संच बसवून ‘कृषी दर्शन’ सुरू झाले, त्यामागेही त्यांचाच आग्रह होता. सप्टेंबर १९६९ मध्ये ‘नासा’शी करार झाला. ३० डिसेंबर १९७१ रोजी कोवळम येथे वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

‘साइट’ या नावाने ओळखला गेलेला हा प्रयोग त्यांच्या सहकाऱ्यांनी तडीस नेला. त्याच्या व्यवस्थापनाची धुरा प्रा. एकनाथ चिटणीस या मराठी शास्त्रज्ञाकडे होती. सहा राज्यांत महाराष्ट्र मात्र नव्हता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची दहा फुटी अँटेना, वीज नसेल तेथे बॅटरी, सकाळी शाळकरी मुलांसाठी दीड तास आणि सायंकाळी प्रौढांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन! हिंदी, कन्नड, तेलुगू व उडिया या चार भाषांत हे धडे पोहोचत. सुटीच्या काळात हजारो प्राथमिक शिक्षकांचे विज्ञान प्रशिक्षणही याच मार्गाने झाले.

उपग्रह अमेरिकेचा होता आणि मुदत एका वर्षाची. ३१ जुलै १९७६ रोजी प्रक्षेपण थांबले. पुढे ‘इन्सॅट’मुळे १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचा देशव्यापी वर्ग दूरदर्शनवर आला, पण तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी होता. केवळ शिक्षणासाठी वाहिलेला ‘एज्युसॅट’ अवकाशात जाण्यास २० सप्टेंबर २००४ उजाडावा लागला. साराभाईंच्या निधनाला तोवर जवळपास तेहतीस वर्षे होत आली होती.